मिठाचं पाकीट

हे मी घरीसुद्धा कोणाले सांगतलं नाई. तुमाले सांगून राहिलो — अन् हसत हसतच, कारण त्या सकाळची आठवण आली की मले अजून हसू येते.

वलगावच्या शेतांतल्या रानमांजरीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधाचा, म्हणजे ती कुठं फिरते ते कळते — हे आमचं काम. बेशुद्धीचं इंजेक्शन देणारा डॉक्टर मी. पिंजरा अन् वजनकाटा आमच्या टीममधल्या वंदनाताईकडे. औषध वजनावर ठरते, म्हणून आधी पिंजरा काट्याला टांगाचा, मंग सुई भराची.

अन् मी कोण? अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बकरेवाल्याचा पोरगा! अब्बा बकरा नुसता पाहून वजन सांगत, अन् बरोबर निघे. मले वाटे, आपली नजरही तशीच. ती मांजर थंडीनं अशी फुगलेली — वा! ताई विहिरीवर फडकं भिजवाले गेली होती. मी पाहूनच सहा किलो धरले अन् सुई मारली.

पट्टा बांधून झाला, तरी मांजर हलेना. श्वास एवढा हळू, की मी वाकून तिच्या नाकाशी हात धरला. ताईनं तिले फडक्यात घेऊन काट्याला टांगलं — चार किलोही नाई! सगळे केसच केस. ताईनं माह्याकडे पाहिलं. अन् मी काय बोललो? "मघाशी तर सहा दाखवले. ताई, तुमचा काटा बिघडला."

काहून बोललो असं? अब्बाच्या पोराची नजर चुकली, हे तोंडातून निघेना म्हणून? पिंजरा मी काट्याला लावलाच नव्हता. खोटं बोललो — बस्.

ताई दुपारपर्यंत पिंजऱ्याजवळ बसली. आपली शाल तिच्या अंगावर टाकून, छातीवर नजर ठेवून, "माफ कर व माय" म्हणत. अन् मंग — शिंकली! उठली, आमच्यावर फिसकारली, दार उघडलं तशी तुरीत अशी पळाली! ताई नाचली, मी नाचलो, भर शेतात. पुढं शेतात लावलेल्या कॅमेऱ्यात ती पिल्लं घेऊन दिसली, तेव्हा अख्ख्या टीमले मी राजापेठेत कचोरी खाऊ घातली. एवढा आनंद मले लग्नातही झाला नव्हता!

तेव्हापासून ताई आधी किलोभर मिठाचं पाकीट काट्याला टांगून काटा बरोबर दाखवते का ते पाहते, मंगच मांजर. एकही मांजर पुन्हा तशी झोपली नाई. टीममधली पोरं तिची मस्करी करतात. तीही हसते — "माह्या काट्यापायी एक जीव गेलाच असता, बाप्पा."

ते पाकीट थैलीतून काढून तिच्या हातात मीच देतो.