लाल ठिपका

बाईक उघडून परत जोडली की एखाद-दुसरा बोल्ट उरतोच. गाडी चालू होते, पळतेही, मग तो बोल्ट नक्की कुठला हे शोधत कोण बसतो? बदलापूर गावात दिन्याच्या गोठ्यात आम्ही असे उरलेले बोल्ट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. दोन हजार तीन-चारच्या सुमारास तो डबा काठोकाठ भरला होता. किस्सेही तसेच साठले. चौघांपैकी कोणीही दोघं भेटलो की अजून त्यातले चार-दोन निघतात. एक सोडून. तो मी कधी काढत नाही, आणि ज्याच्यासमोर काढायला हवा होता त्या मिलिंदसमोर तर कधीच काढला नाही.

आधी माणसं सांगतो. दिन्या बदलापूर गावातला. त्याच्या वडिलांनी म्हशी विकल्यावर जो गोठा रिकामा झाला तेच आमचं गॅरेज. नरेश उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला सिंधी, घरचा जीन्स शिवायचा कारखाना. मिलिंद आणि मी अंबरनाथचे, एकाच गल्लीतले, पहिलीपासून एका बाकावर बसलेले. तो एका कारखान्यात टर्नर होता, लेथ मशीनवर लोखंड कातायचा, आणि मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. म्हणून मला सगळे 'क्यूसी' म्हणायचे. मला ते नाव आवडायचं, हे आज सांगताना लाज वाटते.

परदेशी बाईक आम्ही फक्त पोस्टरवर बघितलेल्या. आपल्याच दीडशे-एकशेऐंशी सीसीच्या गाड्यांची हँडलं खाली घ्यायची, फूटरेस्ट मागे सरकवायचे, की झाली स्पोर्ट बाईक. ते फूटरेस्ट मिलिंद स्वतः लेथवर काढायचा. त्याच्या हातचा तुकडा मी आमच्या कंपनीत नेऊन गुपचूप मोजला होता. एका केसाचाही फरक नव्हता.

*

पहिला किस्सा नरेशच्या सायलेन्सरचा. त्याने तो स्वतः काढला, साफ केला आणि स्वतःच बसवला. दुसऱ्या दिवशी शहाडच्या पुलावर सायलेन्सर गळून पडला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने तो उचलला, पोटाशी धरला आणि हॉर्न मारत नरेशच्या मागे लागला. नरेशला वाटलं, रिक्षावाला रेस लावतोय. त्याने ॲक्सिलरेटर पिळला.

गोठ्यात पोचला तेव्हा चेहरा खुललेला. म्हणाला, "भाई लोग, काल जो मी सफाई केला ना, उसका असर बघ. गाडीचा आवाज काय खुलला आहे!"

आम्ही गाडीखाली बघितलं. तिथे काहीच नव्हतं. मिलिंद एकटा हसला नाही. तो म्हणाला, "आज सायलेन्सर होता. उद्या चाक असेल."

*

त्या दिवसापासून मिलिंदने नियम केला. ज्याने बोल्ट आवळला त्याने बाजूला व्हायचं. दुसऱ्याने पाना लावून तो बघायचा आणि घट्ट असेल तरच त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, अर्धा बोल्टवर, अर्धा बाजूच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी ठिपका फाटतो, आणि लांबूनही कळतं. त्याच्या कारखान्यात यासाठी रंग वापरायचे. आमच्याकडे त्याच्या बहिणीची, सुनीताची, नेलपॉलिश होती.

महिन्याभरात एका लग्नाला निघताना सुनीताला बाटली रिकामी सापडली. तिने मिलिंदला नवीन आणायला पिटाळलं, तेव्हा मी बरोबर होतो. दोन नंबर कॅम्पातल्या दुकानात मिलिंद लाल रंगाच्या दहा बाटल्या उजेडात धरून बघत होता. शेटने विचारलं, "भाभी के लिए?"

मिलिंद म्हणाला, "नहीं, ब्रेक के लिए."

शेटने डझनाचा भाव लावला. ठिपका द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. क्यूसी मीच ना.

*

रेसच्या ट्रॅकवर जायचं तर लेदर सूट लागतो हे आम्ही मासिकात वाचलं होतं. नरेश म्हणाला, लेदर कशाला, आपला कारखाना आहे. त्याच्या मास्टरने चौघांचे सूट केले, जाड डेनिमचे तीन थर एकावर एक शिवले, गुडघ्याला आणि कोपराला सोफ्याचा फोम भरला. शिलाई इतकी मजबूत की दोघांनी ओढूनही उसवली नाही. फक्त मास्टरने मापं उभं करून घेतली होती.

दिन्या सूट घालून उल्हासनगरहून बदलापूरला आला. गोठ्यासमोर थांबला, स्टँड लावला आणि तसाच बसून राहिला. आम्ही विचारलं, उतरत का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "पाय वर येत नाय. मना दोघं धरून काढा."

काढला. सूट अंगातून निघेपर्यंत त्याची आई दोनदा चहा विचारून गेली.

*

रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असायचे. तिथे आम्ही गोल चकरा मारायचो, वळणावर गाडी झुकवायला शिकायचो. तो रस्ता त्यासाठी नव्हता. कोणाचा जीव गेला नाही हे आमचं नशीब. शहाणपण म्हणावं तर ते आमच्याकडे नव्हतंच.

एकदा दिन्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, सायकलवरून येऊन तिथे थांबले. अर्धा तास बघत राहिले. मग दिन्याला हात करून थांबवलं आणि विचारलं, "निंगालाव कुठशी?"

दिन्या म्हणाला, "हितशी."

"आन् आलाव कुठं?"

"हितंच."

"मंग घरीच बसाचा ना," असं म्हणून आबा सायकल घेऊन निघून गेले.

पुढे कितीतरी वर्षं मिलिंदला काय झालं असं कोणी विचारलं, की मला आबांचं ते 'घरीच बसाचा ना' आठवायचं.

*

शेवटी खरा ट्रॅक गाठायचं ठरलं. कोइमतूरला हौशी लोकांना दोन दिवस ट्रॅकवर गाडी चालवू देतात असं कळलं. गाड्या कल्याणहून रेल्वेच्या पार्सलने पाठवायच्या होत्या. टाकीतलं सगळं पेट्रोल काढायचं, गाडीला गोणपाट गुंडाळायचं, सुतळीने शिवायचं. पार्सल ऑफिसातल्या बाबूने नरेशची नवी कोरी गाडी बघितली आणि फॉर्मवर लिहिलं, 'जुनी, ओरखडे असलेली.'

नरेशला राग आला. "एक भी ओरखडा दाखवा, साहेब."

बाबू मान वर न करता म्हणाला, "परत येताना सोडवायला येशील, तेव्हा दाखवतो."

नरेशची गाडी परत आली तेव्हा तिच्यावर एकही ओरखडा नव्हता. ओरखडे मिलिंदच्या गाडीवर होते.

*

आता तो दिवस.

ट्रॅकवर पहिल्या सकाळी मिलिंदने पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले. चाकाच्या डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. त्याने दोन्ही बोल्ट हाताने फिरवून बसवले आणि पाना घ्यायला उठला, तेवढ्यात माइकवरून सकाळी चालवणाऱ्यांना सूचना ऐकायला बोलावलं. तो तसाच गेला. माझी पाळी दुपारी होती, म्हणून मी बाटली घेऊन गाड्यांवरून फिरत होतो.

पाना दिन्याच्या गाडीपाशी होता, वीस पावलांवर. मी काही दमलेलो नव्हतो. नरेश माझ्यासोबत थांबला होता आणि त्या सूटचा किस्सा शेजारच्या लोकांना रंगवून सांगत होता. मी हसत होतो. मिलिंदने बसवलेला बोल्ट ढिला असेल असं माझ्या मनातही आलं नाही. कॅलिपरशी वाकलो आणि दोन ठिपके दिले. सुबक दिले, अर्धे बोल्टवर, अर्धे बाजूला.

मिलिंद परत आला. हेल्मेट घालता घालता त्याने ठिपके बघितले आणि विचारलं, "बघितलंस ना?"

मी म्हटलं, "बघितलं."

तिसऱ्या फेरीत सरळ रस्ता संपतो तिथे त्याने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. मी त्याला हवेत बघितलं. नरेशच्या मास्टरची शिलाई उसवली नाही, मिलिंद चालत ॲम्ब्युलन्सपर्यंत गेला, पण उजवं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मिलिंद म्हणाला, "ब्रेक उशिरा धरला." सगळ्यांनी माना हलवल्या. नवशिक्यांचं असंच होतं, असं कोणीतरी म्हणालं. मिलिंदला नवशिका म्हटलेलं मी ऐकून घेतलं.

दुपारी त्याच्या गाडीला गोणपाट गुंडाळायचं काम मी मागून घेतलं. कॅलिपर कलंडून चाकात अडकला होता, त्याचा एक बोल्ट गायब होता. दुसरा अर्धा बाहेर आलेला, त्याच्यावरचा ठिपका मधोमध फाटलेला. दिन्या सुतळी आणायला गेला होता. मी अंगठ्याच्या नखाने तो ठिपका खरवडून काढला. नीट, लाल कण राहू न देता. माझ्या नोकरीत इतकं बारीक काम मी क्वचितच केलं असेल.

*

घरी आल्यावर आईने माझा अंगठा धरला आणि म्हणाली, "हे काय रे, पोरींसारखं नख रंगवलंस?" सगळे हसले. मीही हसलो. नखात लाल रेघ होती. साबणाने गेली नाही, वाढलं तसं नख कापत गेलो तेव्हा गेली.

मिलिंदचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळेना. लेथवर ज्या हाताने तो केसाचा फरक ओळखायचा, त्या हाताने नंतर त्याला चहाचा कपही नीट धरता येईना. कंपनीने त्याला काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. नट, बोल्ट, वॉशर मोजून द्यायचे आणि वहीत लिहायचे. बाईक त्याने परत चालवली नाही.

त्याला सांगायला मी तीनदा गेलो. एकदा सुनीताने दार उघडलं. एकदा त्याच्याच लग्नाच्या बोलणीची माणसं बसली होती. तिसऱ्यांदा तो एकटाच होता. मी तोंड उघडलं, आणि त्याने विचारलं, "दिन्याच्या गाडीचा क्लच कसा आहे रे आता?" मग आम्ही तासभर क्लचवर बोललो. नंतर मी जायचंच कमी केलं. मित्राला तोंड दाखवता येत नाही म्हणून मैत्री विरळ करत जाणं यासारखं भिकार काम नाही. ते मी पाच वर्षं केलं.

गोठा पाडून दिन्याने इमारत उभी केली. नरेशने स्वतःची गाडी कारखान्याच्या काचेच्या केबिनमध्ये ठेवली आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला. बोल्टांचा डबा कुठे गेला कोणालाच माहीत नाही.

*

दोन हजार नऊचा पावसाळा संपता संपता मिलिंदने चिखलोलीला फ्लॅट घेतला. घर बघायला ये म्हणून त्याचा फोन आला. या वेळी कारण सापडलं नाही, म्हणून गेलो. चहा झाला. त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी लाल सायकल आणली होती, मागे आधाराची दोन छोटी चाकं असलेली. ती चाकं अजून बसवायची होती.

मिलिंद खाली फरशीवर बसला. डाव्या हाताने पाना धरून त्याने चारही बोल्ट सावकाश आवळले. मला वाटलं आपण मदत करावी, पण त्याने हात पुढे करू दिला नाही. मुलगी बाजूला उभी राहून घंटी वाजवत होती.

काम झाल्यावर त्याने बायकोला हाक मारून तिची नेलपॉलिश मागितली. लालच होती. बाटली माझ्या हातात दिली आणि बाजूला झाला. "क्यूसी, बघ."

मी बाटली खाली ठेवली. पाना उचलला. पहिल्या बोल्टला लावला, जोर दिला. घट्ट होता. दुसऱ्याला लावला. तिसऱ्याला. चौथ्याला दोनदा लावला. मग चार ठिपके दिले, अर्धे बोल्टवर, अर्धे बाजूला.

मिलिंदने मुलीला उचलून सीटवर बसवलं. खाली वाकून एकेका ठिपक्यावर फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"या वेळी पाना लावलास."