धाकटीची मोकळी स्क्रीन

धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. तिच्या दागिन्यांचा नाही, रूपाचा नाही, दीर तिला गाडीवर बसवून फिरायला नेतात त्याचाही नाही. मला हेवा वाटला तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा. आणि तीही दहा वर्षं माझीच असलेली स्क्रीन.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा आणि दीर लग्नांच्या ऑर्डरी घेऊन उदगीर, निलंग्याकडं फिरतात. सासूबाई पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून काउंटरवर बसतात. आत कॉम्प्युटरवर मी. हदगावहून लग्न होऊन आले तेव्हा मला माउस धरता येत नव्हता. फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत मीच शिकले. त्यामुळे त्यातली एकेक खिडकी मला मिळवल्यासारखी वाटायची, आणि मिळवलेलं मी बंद करून ठेवत नाही.

डावीकडं लेयरची, म्हणजे फोटोच्या एकावर एक थरांची खिडकी, कारण मॉनिटरचा उजवा कोपरा पिवळा पडला होता. खाली ब्रश. उजवीकडं केलेल्या चुका मागं घ्यायची यादी, आणि ती लांबलचक, कारण मी चुकते फार. या सगळ्याच्या मधोमध उरलेल्या जागेत फोटो, जेमतेम तळहाताएवढा. पण माझं खरं धन वरच्या पट्टीत होतं. तिथं मी माणसांच्या कातडीचे रंग जमवून ठेवले होते. आसपासची दुकानं सगळ्यांना एकच गोरा रंग फासतात; मला ते कधी पटलं नाही. हळद उतरलेली नवरी, उन्हातान्हातून परीक्षेला आलेली पोरं, डाळमिलमध्ये राबणारा माणूस, प्रत्येकाचा सावळेपणा वेगळा असतो. चांगला जमलेला रंग मी त्या पट्टीत टाकायचे. "आमच्या चेहऱ्यासारखा चेहरा तुमच्याकडंच येतो," असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि सासूबाईंच्या कानावर ते पडलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग धाकटी आली. मीही नांदेड जिल्ह्यातली, पण मी तालुक्याची आणि ती खुद्द नांदेड शहरातली, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती दुकानात आली, माझ्या खुर्चीमागं उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, लई पसारा मांडलाय. ह्याच्यात फोटो कुठाय?"

सगळे हसले. सासूबाई सगळ्यात मोठ्यानं हसल्या. ते हसणं मी आजही विसरलेले नाही.

तिनं काय केलं ते सांगते. स्क्रिप्ट म्हणजे सॉफ्टवेअरला लिहून दिलेला हुकूम. तसे हुकूम तिनं लिहिले आणि एकेका बटणाला बांधले. एफ पाच दाबलं की सगळ्या खिडक्या गायब, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चेहरा. एफ सहा दाबलं की लेयरची खिडकी येणार, आणि काम झालं की आपली आपण निघून जाणार. एफ सातला पाठीमागचा भाग पांढरा. एफ आठला परीक्षेच्या फॉर्मच्या मापाचा फोटो, खाली नाव आणि तारखेसकट, आठ प्रती ओळीत. मला ज्याला दहा मिनिटं लागायची ते ती दोन मिनिटांत उरकायची आणि वर हात मोकळे म्हणून चहा प्यायची.

पहिल्यांदा तो मोठा चेहरा पाहिला तेव्हा माझ्या तोंडून "वा" निघणार होतं. मी ते गिळलं. मॉनिटर तोच, पिवळा कोपरा तोच, पण माझ्याकडं असताना तो कोंदट होता आणि तिच्याकडं गेल्यावर त्याला अंगण आलं. दहा वर्षं मला ही जागा दिसली कशी नाही, याचा राग मी तिच्यावर काढला. तिनं विचारलं की तुटक उत्तर द्यायचं, तिचा चहा गार होऊ द्यायचा, असले माझे प्रकार सुरू झाले.

फॉर्म भरायचे दिवस आले तशी गर्दी वाढली. सासूबाई म्हणाल्या, "तिला बसू दे. तिचा हात चालतो." खुर्ची गेली. मी शिवलेली उशी खुर्चीवरच राहिली आणि मी कटर घेऊन फोटो कापायला बसले, पोरांना भिंतीवरचा कोट घालायला देऊ लागले. कोटाची बटणं लावून देताना माझी नजर स्क्रीनवरच असायची. मनातल्या मनात मी जळत होते. साध्या भाषेत सांगायचं तर रोज पोटात दुखायचं.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी निघाली. बसस्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. खिडकीतून वाकून ती म्हणाली, "अक्का, तुम्हाला माझं जमलं न्हाई तर एफ बारा दाबा बरं."

"हाव, हाव," मी मान डोलावून म्हणाले. तुझं मला जमलं नाही तर, हे एवढंच मी ऐकलं. पुढचं ऐकायला कानात जागा राहिली नव्हती.

दुकानात आले. सासूबाई जेवायला घरी गेल्या होत्या. खुर्चीवर बसले, उशी झटकली. तिच्या स्क्रिप्टचं एक फोल्डर होतं. ते मी उघडूनही बघितलं नाही, सरळ डिलीट केलं. मग सॉफ्टवेअरमध्ये मूळ मांडणी परत आणायची सोय असते, ती दाबली. मूळ मांडणी म्हणजे माझी मांडणी, असा माझा समज. ती निघाली कंपनीची. लेयर उजवीकडं, पिवळ्या कोपऱ्यात. चुकांची यादी बंद. आणि वरच्या पट्टीत माझे रंग नव्हते. लाल, हिरवा, निळा असे बाजारातल्या फुग्यांचे रंग ओळीनं उभे होते.

आणि मी काय म्हटलं असेल मनाशी? म्हटलं, बघा, तिनं माझे रंग फेकून दिले. आणि पुढचे तीन आठवडे मी तेच धरून बसले. भांडी घासताना, फोटो कापताना, मनात तिला बोलत राहिले. त्या रागात एक सुखही होतं, कारण आता हेवा म्हणायची गरज नव्हती, सरळ अन्याय म्हणता येत होतं.

तोवर गर्दी नव्हती, कसंबसं निभावलं; मग एका फॉर्मची शेवटची तारीख आली. बाहेर पायरीपर्यंत पोरं. स्टुलावर एक मुलगी बसली होती, इस्लापूरकडची, इथं होस्टेलला राहून शिकणारी. उन्हानं रापलेला, तुकतुकीत सावळा चेहरा. हा रंग माझ्याकडं होता, नक्की होता. तो आता मला जमेना. एकदा चेहरा राखेसारखा आला, एकदा लालसर. खिडक्या नको तिथं, हात नको तिथं. तिसऱ्यांदा स्क्रीनकडं बघून ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी अशी दिसते का?"

मागून एक जण म्हणाला, "चला रे, पलीकडं जाऊ, तिथं लवकर होऊन राहिलं." चारपाच पोरं उठून गेली.

सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. नांदेडला फोन लावला आणि भर दुकानात बोलल्या, "अगं, हिला काहीच सापडंना. जरा सांग बाई." आणि फोन माझ्या हातात दिला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिकडून ती म्हणाली, "अक्का, एफ बारा दाबलं का?"

मी दाबलं. स्क्रीनवर निरोप आला. "फाईल सापडत न्हाई म्हणतंय."

"फोल्डर हाय का जागेवर?"

"आपोआप गेलं असंल," मी म्हणाले.

"आपोआप जात न्हाई अक्का." आवाज चढलेला नव्हता. "डिलीट केलेलं कचऱ्याच्या डब्यात असतंय. डबा रिकामा तर न्हाई ना केला?"

"न्हाई."

"मग उघडा. अक्का नावाची एक फाईल हाय बघा. ती पहिली घ्या वापस. बाकीच्या राहू द्या, त्या मी परत लिहीन. ती मला लिहिता यायची न्हाई."

डबा उघडला. वरून तिसरी फाईल. अक्का. तिनं माझा पसारा आवरायच्या आधी तो जसाच्या तसा बांधून ठेवला होता आणि एफ बाराला लावला होता. मी ती फाईल जागेवर नेली, एफ बारा दाबलं. लेयर डावीकडं सरकले, चुकांची यादी उलगडली, आणि वरच्या पट्टीत माझे रंग ओळीनं आले. फेकले होते ते मीच, मूळ मांडणी आणायच्या घाईत.

माफी मागायची तर सासूबाई कान देऊन बसलेल्या, आणि खरं सांगायचं तर त्या नसत्या तरी मी तेव्हा मागितली नसती.

"आले का रंग?" तिनं विचारलं.

"आले."

"सगळे आले का बघा. तुमचे रंग लई नाजूक हायत, मला एकबी तसा करता आला न्हाई. बसून बघत व्हते मी, तुम्ही फोटो कापताना. मोजा, त्रेचाळीस हायत."

इस्लापूरची मुलगी स्टुलावर ताटकळत होती, तरी मी पट्टीवर बोट ठेवून एकेक मोजला. त्रेचाळीस होते. दहा वर्षांत ते मी एकदाही मोजले नव्हते. माझे होते, पण मोजले होते तिनं, आणि फोन ठेवता ठेवता मला त्याचाही हेवा वाटला.