रिकाम्या रांजणाची कबर

फिलोमेनाच्या नवऱ्याची होडी परत आली, नवरा आला नाही. लांडासचे, म्हणजे पावसाळी वाऱ्यांचे, वादळी दिवस सरत आले होते, समुद्र अजून पुरता निवला नव्हता, तरी तिचा नवरा नगालाई जाळं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी होडी आपणहून नदीच्या मुखाशी येऊन टेकली. आत जाळं कोरडं होतं आणि त्यावर त्याचा सदरा घडी घालून ठेवलेला होता.

"जन्मात त्याने कधी कपड्याची घडी घातली नाही," एवढंच ती म्हणाली. तो सदरा तिने कुणाला शिवू दिला नाही.

बुडालेल्याला जमिनीवर जागा दिली नाही तर तो घरोघर जागा शोधत फिरतो, असं आमच्या मेलानाऊ कोळ्यांच्या गावात जुनी माणसं सांगतात. फिलोमेनाने सदरा आणि नगालाईच्या फणीतले केस एका रांजणात घातले, झाकण राळेने बंद केलं आणि वाळूच्या दांड्यावर, सुरूच्या झाडांखाली रांजण पुरला. चर्चचे फादर नाराज झाले. सदऱ्याला आत्मा नसतो, म्हणाले.

"आत्मा मी बघितलेला नाही, फादर. सदरा बघितलाय."

अशी होती ती. बुटकी, जिभेची तिखट, सागूची बिस्किटं भाजून पोट भरणारी. सगळा गाव तिला फिलो काकी म्हणायचा. शेजारी असल्यामुळे मला तिच्या भट्टीचा धूर रोजचाच होता. दर ओहोटीला ती वाटीत सागू आणि लिंबात मुरवलेली मासळी घेऊन दांड्यावर जायची आणि वाटी रिकामी घेऊन यायची. "खेकडे खातात," मी एकदा म्हणालो. "खेकडे वाटी पुसून ठेवतात का रे?" तिने विचारलं. ती थट्टा करते आहे की काय, ते मला कळलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग वाळू काढणारी एक कंपनी आली. तिला दांड्यावरून रस्ता हवा होता. तिथल्या बाकीच्या कबरी नातेवाइकांच्या संमतीने चर्चमागे हलवल्या गेल्या. फिलो काकीने संमती दिली नाही. कबरींच्या कायद्याप्रमाणे नातेवाइकांच्या संमतीशिवाय कबरीला हात लावता येत नव्हता. तेव्हा कंपनीने कोर्टात वेगळाच मुद्दा काढला, की ही मुळी कबरच नाही.

मी त्या कोर्टात दुभाषी होतो. काकीला मेलानाऊ भाषेखेरीज नीट काही बोलता येत नसे, म्हणून तिचं बोलणं न्यायाधीशांपर्यंत माझ्या तोंडून जायचं. न्यायाधीश, हो सिऊ लिन नावाच्या बाई, कुचिंग शहरातून आलेल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. कंपनीचे वकील तिओंग यांनी कायद्यातलं वाक्य वाचून दाखवलं: "कबर म्हणजे मृत व्यक्तीचे अवशेष जिथे ठेवले आहेत अशी जागा."

"अवशेष म्हणजे देह," तिओंग म्हणाले. "हाडं, राख, काहीतरी शरीराचं. सदरा हा अवशेष धरला, तर महोदया, प्रत्येक विधवेचं कपाट स्मशान होईल."

लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "अवशेष या शब्दाची व्याख्या कायद्यात कुठे आहे?"

"नाही, महोदया. म्हणून साधा, रोजचा अर्थ घ्यावा."

"रोजचा अर्थ कुणाचा? तुमचा की यांचा?" त्या काकीकडे वळल्या. "बाई, तुम्ही तिथे काय पुरलंत?"

मी भाषांतर केलं. काकी म्हणाली, "त्याचं माझ्याकडे जे उरलं होतं ते."

हे सांगताना माझीच जीभ अडखळली, कारण अवशेष या शब्दाचा दुसरा अर्थ तरी काय होता?

तिओंग थांबले नाहीत. आत केस तरी आहेत कशावरून, रांजण उघडून बघावा, असा त्यांनी अर्ज केला. काकी नकार देईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "उघडा. मलाही बघायचंय."

एका दुपारी सगळे दांड्यावर गेलो. ओहोटी लागलेली, ऊन कडक, वारा पडलेला. सुरूची झाडं वाऱ्याशिवायही सुस्कारत असतात, त्या दिवशी तीही गप्प होती. न्यायाधीशबाई पुढे चालल्या होत्या. त्या अचानक थांबल्या.

ओल्या वाळूवर पावलं उमटलेली होती, अनवाणी, रुंद, पुरुषाची. पाण्यातून निघून ती कबरीपर्यंत आली होती आणि तिथे संपली होती. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

"आपल्या आधी कोण आलं होतं?"

पोलीस हवालदाराने सांगितलं, की सकाळपासून दांड्याच्या तोंडाशी तोच उभा आहे.

"ओहोटीला असतात रोज," काकी म्हणाली. मी भाषांतर केलं.

तिओंग यांनी रुमालाने मान पुसली. कारकुनाने लिहायला लेखणी उचलली, तेव्हा न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हे नोंदीत नको. मला कायद्याचा अर्थ लावायचा आहे, पावलांचा नाही." पण त्या पावलांवर पाय पडणार नाही अशा बेताने वळसा घालून गेल्या, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे तसेच गेलो.

हवालदाराने रांजण काढला. झाकणावरची राळ अखंड होती, काचेसारखी टणक. छिन्नीने फोडावी लागली. झाकण निघालं आणि सगळे वाकले.

आत काही नव्हतं. सदरा नव्हता, केस नव्हते, कुजलेल्या कापडाचा धागासुद्धा नव्हता. नुसता समुद्राचा वास आला, ताजा, जाळं ओढल्यावर येतो तसा.

काकी रांजणात बराच वेळ बघत राहिली. मग तिने आत हात घालून तळ चाचपला. "घेऊन गेला," ती म्हणाली. मला ते भाषांतर करावं लागलं, आणि ते मी अगदी हळू आवाजात केलं.

पुढच्या तारखेला तिओंग यांचा आवाज पुन्हा चढला होता. "आता तर सदराही नाही. अवशेष 'ठेवले आहेत' असं कायदा म्हणतो. आहेत! आज, आत्ता. तिथे आज काहीच नाही."

निकाल न्यायाधीशबाईंनी स्वतः वाचला. शब्द दोन अर्थांचा असला, की कायदा कशासाठी केला ते बघावं, असं त्या म्हणाल्या. या कायद्यात जागोजाग नातेवाइकांची संमती मागितली आहे. मेलेल्याला संमती देता येत नाही, तेव्हा कायदा मागे उरलेल्यांच्या मनासाठी आहे. बुडालेल्याचं जे उरलं ते बायकोने श्रद्धेने पुरलं, तेच त्याचे अवशेष. आणि 'ठेवले आहेत' म्हणजे आज तिथे सापडतात असं नव्हे. तसं धरलं, तर ज्या जुन्या कबरीतली हाडं मातीला मिळाली, ती कबर उरणार नाही, आणि ज्या कबरींना कायद्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच उघड्या पडतील. ठेवण्याची कृती एकदा झाली, की ती जागा कबर झाली. पुढे आत काय राहिलं, हे विचारण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही.



बाहेर मी काकीला म्हणालो, "जिंकलीस. कुणी हात लावणार नाही आता."

"बाईंनी काय सांगितलं ते पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कायद्याने तो तिथे आहे."

"हो."

"बरं झालं. त्याला राहायला एक जागा झाली." ती पायरीवर बसली. "पण तिथे नाही रे तो. आपण सगळ्यांनी बघितलं ना? मग इतकी वर्षं मी जेवायला कुणाला घातलं?"

त्यानंतर ती दांड्यावर गेली नाही. भट्टी पेटत राहिली, जीभही तशीच तिखट राहिली, पण ओहोटीची वेळ झाली, की ती दिवसाउजेडीसुद्धा समुद्राकडची खिडकी लावून घ्यायची. "सवय झाली असेल त्याला जेवणाची," एवढंच तिने एकदा मला सांगितलं.

गेल्या लांडासमध्ये ती वारली. नवऱ्याशेजारी पुरायचं ठरत होतं, पण तिने फादरना आधीच बजावून ठेवलं होतं, की मला चर्चमागे ठेवा, जमिनीच्या बाजूला, समुद्र दिसणार नाही तिथे. फादरनी ते मानलं. लांडास असूनही खड्डा खणला तेव्हा कितीतरी दिवस पाऊस नव्हता, वरची माती भुगा झाली होती, तरी तळाशी पाणी लागलं. हवालदाराने बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. ते खारं होतं. समुद्र तिथून बराच लांब आहे.

फादरनी प्रार्थना आटोपती घेतली.