लाल गोलाची कार्डं

प्यो म्यंग-हुनच्या नजरेत बांग मल-सुनताई पहिल्यांदा भरल्या, त्या फोनवर एका म्हातारीला दटावताना. "आजी, ह्या गायकांचा जन्म चंद्राच्या तारखेचा की सूर्याच्या, ते आधी सांगा. नाहीतर मी त्यांना भलत्याच दिवशी जन्माला घालीन."

योसू बंदरातल्या लहानशा रेडिओ केंद्रात प्यो निवेदक होता. रोज सकाळी आठला तो 'आजच्या दिवशी' वाचायचा: कुठल्या गायकाचा जन्म, कुठलं गाणं पहिल्यांदा कधी वाजलं. सगळं केंद्रात नोंदी ठेवणाऱ्या मलसुनताईंच्या कार्डांवरून. जुन्या माणसांचे दिवस चांद्र पंचांगातले. अशा कार्डावर त्या लाल पेन्सिलीने गोल काढत आणि दरवर्षी तारीख नव्याने मांडत.

मग कार्डं कॉम्प्युटरवर चढली आणि लाल गोल तेवढे चढवायचे राहून गेले. गावची गायिका गम हा-योन चांद्र नवव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशीची. यंदा तो ऑक्टोबरात येत होता. पण गोल न दिसल्याने केंद्राचे संचालक चू यांनी तीन सप्टेंबरचे फलक रंगवून घेतले, पाहुणे बोलावले.

ताई कार्ड घेऊन गेल्या तेव्हा चू आंबवलेला मासा खात होते. खोलीभर तो उग्र दर्प. त्याच बोटांनी त्यांनी कार्ड उचललं. "मेलेल्या बाईला काय कळतंय, ताई? ऑक्टोबरात पुन्हा केक कापू."

सगळे हसले. प्योही हसला.

ताईंनी कार्ड बाहीला पुसलं. डाग गेला नाही, वासही नाही. गायिकेच्या धाकट्या बहिणीला दिवस चुकणार नाही, असा शब्द त्यांनीच दिलेला. त्यांनी प्योला विचारलं, "तू वाचणार?"

तीन तारखेला त्याने वाचलं, गोड आवाजात. लगेच बहिणीचा फोन आला. "आमच्या हा-योनताईला महिनाभर आधीच उरकलंत होय?" चूक आपली नसताना मलसुनताई तिची माफी मागत राहिल्या. चू आतल्या खोलीत पाहुण्यांना केक भरवत होते. प्योला स्वतःच्या आवाजाची किळस आली. दुपारचा डबा त्याने तसाच परत नेला.

संध्याकाळी ताईंनी कार्डांचे बारा पत्र्याचे डबे हातगाडीवर चढवले. प्यो एक उचलायला पुढे झाला. "हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. तो धुऊन आला, तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.

मलसुनताई आता मासळीबाजाराच्या तोंडाशी बसून लसूण सोलतात. त्यांच्या घरी रेडिओ नाही.