सरांना वळणं सांगताना

सरांचे कागद आवरायला मलाच का बोलावलं, हे विभागात कुणी स्पष्ट सांगितलं नाही. मी राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, अक्षर बरं होतं, आणि सरांच्या पत्नीशी मराठीत बोलू शकेल अशी तिथे मी एकटीच होते. बहुधा एवढंच कारण असावं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात म्हणून आले आणि इथेच राहिले. घरी मराठीच, पण निम्मे शब्द कन्नड. वडील बस डेपोत मेकॅनिक होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे ‘प्रोफेसरांच्या घरी जायचंय’ म्हटल्यावर आईने मला तिची ठेवणीतली साडी नेसवली. पहिला दिवस मी त्या साडीत धूळ झटकण्यात घालवला.

सर आधी प्राध्यापक आणि नंतर कित्येक वर्षं डीन होते. त्यांच्या शेवटच्या काही वर्गांत मी बसले होते. एकदा त्यांनी विचारलं होतं, “राज्य कुणी पाहिलंय? हात वर करा.” कुणीच हात वर केला नाही. “मग न पाहिलेल्या गोष्टीच्या हुकमाने लाल दिव्यापाशी का थांबता?” वर्ग हसला होता. मी हसले नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात सर गेले. त्यांच्या लक्ष्मीपुरमच्या घरी पुढच्या खोलीत भिंतभर कागद होते. अभ्यासक्रमांचे मसुदे, सायक्लोस्टाइल केलेली बैठकांची इतिवृत्तं, निवडणुकांच्या वेळी वरुणा आणि कृष्णराजनगरच्या खेड्यांत फिरून घेतलेल्या मुलाखती. सगळे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे होते. ग्रंथपालांनी मला एकच नियम सांगितला होता: माणसाने स्वतः ज्या क्रमाने ठेवलंय तो क्रम मोडायचा नाही, तो ओळखून तसंच खोक्यांत भरायचं.

तो क्रम ओळखणं सोपं नव्हतं. एका दुपारी मी परीक्षा मंडळाची इतिवृत्तं अभ्यासक्रमांच्या खोक्यात ठेवली आणि मागे कागद उलटल्याचा आवाज आला. वारा नव्हता, खिडकी बंद होती. आवाज सरांच्या वेताच्या खुर्चीच्या बाजूने आला होता आणि सावकाश आला होता, जसा पान वाचून झाल्यावर येतो.

मी बाहेर आले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, व्हरांड्यात अवरेकाळू, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसल्या होत्या.

“काकू, आत कुणी आलं होतं का?”

“कोण येणार? तूच आहेस.”

“कागद उलटल्यासारखं वाटलं.”

“मग काहीतरी चुकीचं ठेवलं असशील,” शेंग मोडत त्या म्हणाल्या. “बघ जा परत.”

मी गेले आणि पाहिलं. इतिवृत्तांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण होती. ती वेगळ्या गठ्ठ्यातली होती. माझं चुकलंच होतं.

त्यानंतर तो आवाज पुष्कळदा आला. दर वेळी मी हातातला कागद परत बघायचे आणि दर वेळी चूक सापडायची. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर वाटली नाही. आमच्या घरात माझा अभ्यास तपासणारं कधी कुणी नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं आणि वडील प्रगतिपुस्तकावर न बघताच सही करायचे. त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या मागे बसून कुणीतरी माझं काम बघत होतं. संध्याकाळी निघताना मी खुर्चीकडे तोंड करून “येते सर” म्हणू लागले. काकूंनी ते ऐकलं असावं.

खोकी भरून झाली त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. घर विकलं गेलं होतं, आणि लवकरच त्या बेंगळुरूला मुलीकडे राहायला जाणार होत्या.

“पुट्टी, एक काम करशील? सुम्ने, उगीच, हो म्हणू नको, आधी ऐक.” बाळ म्हणावं तसं त्या मला पुट्टी म्हणत. “उद्या टेम्पो येईल. घराच्या व्यवहाराची माणसं यायचीत, म्हणून मला निघता येणार नाही. तू बरोबर जा आणि प्रत्येक वळणाला यांना सांग.”

काय सांगायचं, ते मला विचारावं लागलं नाही. आजोबांच्या अस्थी श्रीरंगपट्टणच्या संगमावर नेल्या तेव्हा वडील बसमध्ये मांडीवर मडकं घेऊन बसले होते आणि रस्ता वळला की खाली वाकून सांगत होते, “अप्पा, उजवीकडे वळलो हं. अप्पा, आता पूल आला.” गेलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, पण हाक ऐकू येते, असं आमच्याकडे मानतात. हाक चुकली की ते तिथेच थांबतात.

“सरांचा यावर विश्वास होता?” मी चाचरत विचारलं.

“त्यांचा कुठला! माझा आहे. माझ्या हातची खीरही त्यांना आवडत नव्हती, तरी दोन वाट्या खायचे.” मग त्यांचा आवाज उतरला. “हे बघ, ते कागद सोडून राहायचे नाहीत. लायब्ररीत नीट पोचले तर मी निश्चिंत जाईन. पोरं येतील-जातील, त्यांना बरं वाटेल. पण मधेच कुठे राहायला नकोत. मी गेल्यावर या गावात त्यांना हाक मारायला कोण आहे? पोचलं की म्हण, पोचलो, आता इथे राहा. मग झालं.”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत पुढे ड्रायव्हर आणि विभागाचा शिपाई बसले. मला मागे खोक्यांबरोबर बसावं लागलं. वरून ताडपत्री बांधली होती, रस्ता दिसणार नव्हता. वळणं दिसणार नाहीत तर सांगणार कशी? मी थोडा विचार केला आणि मला एक उपाय सुचला. हल्ली मी दुसऱ्या बाजूच्या बसने येत-जात असले तरी तो रस्ता मला पाठ होता. टेम्पो सुरू व्हायच्या आधी, फाटकापाशीच, मी खोक्यांवर हात ठेवून सगळी वळणं क्रमाने सांगून टाकली. आधी डावीकडे, मग अग्निशामक दलाच्या चौकातून सरळ, मग तळ्याच्या कडेने उजवीकडे, मग विद्यापीठाचं फाटक. पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं. शिपाई पुढून ओरडला, “कुणाशी बोलताय मॅडम?” मी म्हटलं, “मोजतेय.”

टेम्पो बराच हेलकावत गेला. पोचल्यावर मी “पोचलो, आता इथे राहा” म्हटलं आणि खोकी आत गेली.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी चिठ्ठ्या चिकटवू लागले. खोली मोठी आणि थंड होती, लोखंडी मांडण्या होत्या. पहिले काही दिवस काम भरभर झालं, एकही अडथळा आला नाही. मला वाटलं, आता मला सरांचा क्रम कळायला लागलाय. मग एकदा सहज एक खोकं उघडलं तर कृष्णराजनगरच्या मुलाखती विद्यापीठाच्या पत्रव्यवहारात होत्या. मीच ठेवल्या होत्या, दोन दिवसांपूर्वी, आणि मागे कागद उलटला नव्हता.

मी मुद्दाम आणखी एक फाइल भलत्याच खोक्यात ठेवली आणि थांबले. बाहेर कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत नेली. मग तोही आवाज गेला. मी तिसरी फाइल ठेवली. चौथी ठेवली. कान इतके ताणले की मला माझा श्वास ऐकू येऊ लागला. त्या खोलीत मी होते आणि कागद होते. बाकी कुणी नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. फाइली जागच्या जागी ठेवून मी तशीच लक्ष्मीपुरमला गेले.

काकू भांडी बांधत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, “तिकडे आहेत ना?”

“नाहीत, काकू.”

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. “इथेही नाहीत. त्या दिवसापासून घरात काही नाही. मला वाटलं, पोचले.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तू वळणं सांगितलीस ना?”

मी सांगितलं, कशी सांगितली ते.

“आधीच? सगळी एकदम?”

“ताडपत्री होती. तळ्याकडून, विद्यापीठाच्या फाटकाने, असं सगळं नीट सांगितलं.”

“तळ्याकडून?” काकू हळूच म्हणाल्या. “अगं, तो रस्ता पाइपासाठी खणलाय. दूधवाला रोज शिव्या घालतो. तुमचा टेम्पो मागच्या रस्त्याने गेला असणार.”

मला टेम्पोचे हेलकावे आठवले.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या भिंतीला टेकून बसल्या. “तू सांगितलंस त्याच रस्त्याने ते गेले. विषयपत्रिकेत छापलंय ते सोडून हा माणूस आयुष्यात कधी इकडचा तिकडे झालाय? जिथे खणलंय तिथे उभे असतील.” मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “आठवडा झाला गं. उन्हात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ऑटोने कुक्करहळ्ळी तळ्यापाशी उतरलो. काकूंनी ऑटोवाल्याला हळूहळू मागून यायला सांगितलं. रस्त्यात लांब चर होता, तांबड्या मातीचे ढीग होते, दोरीला चिंध्या बांधल्या होत्या. काम बंद होतं आणि माणूस नव्हतं. पाण्यावर एकही पक्षी हलत नव्हता. काकूंनी पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि चराच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, तळंसुद्धा ऐकतंय.

“अहो, पोरीची चूक झाली. लहान आहे. तिकडे खणलंय, तिकडून नका येऊ. असे या, माझ्या बाजूने.” मग जरा थांबून, “टोपी न घालताच उभे राहिलात ना? मला माहीत होतं.”

मागे कागद उलटला.

वाळकी पानं असतील. तिथे पर्जन्यवृक्षांखाली पानांचा सडा होता, आणि मी नक्की काही सांगू शकत नाही. मी मागे पाहिलं नाही. काकूंनीही पाहिलं नाही. पण त्यांनी चाल धीमी केली, शेजारच्या माणसाच्या पावलाला पाऊल मिळावं एवढी. मागून ऑटो फटफट करत येत होता आणि तरी मला तो आवाज मधून मधून ऐकू येत होता, डाव्या बाजूने, खांद्याच्या उंचीवर.

वळणं मी सांगत होते. “सर, उजवीकडे. सर, आता फाटक.” सुरुवातीला माझा आवाज फुटेना. त्या आवारात मी कन्नड बोलत असे, परीक्षेत इंग्रजी लिहीत असे. घरची भाषा तिथे मोठ्याने कधी बोलले नव्हते. समोरून माझ्या वर्गातली दोन मुलं आली, थबकली, आणि बाजूने गेली. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या बोलत होत्या. “इकडे तुमचा कॉफीवाला होता बघा, आता नाही तो. तुमची ती इमारत रंगवली, कसला मेला निळा रंग दिलाय.”

ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी शेवटचं वळण होतं. इथे ‘पोचलो’ म्हणायचं होतं. काकू उभ्या राहिल्या, पण बोलल्या नाहीत.

“काकू, मी सांगू?”

“बेड,” त्या पटकन म्हणाल्या. नको.

त्या दाराकडे बघत होत्या. “कागद ठेवलेत ती खोली कशी आहे?”

“मोठी आहे. थंड.”

“खिडकी?”

“वरती आहे, लहान.”

“रविवारी?”

“बंद असतं.”

“दसऱ्याला?”

“तेव्हाही बंद. कुलूप लावतात.”

“दिवे?”

“घालवतात, काकू.”

त्यांनी मान हलवली. त्या पायऱ्यांवर सावली आली होती आणि माझ्या डाव्या खांद्यापाशी काहीही वाजत नव्हतं, पण तिथे जागा रिकामी आहे असंही मला वाटत नव्हतं. कुणीतरी हात मागे बांधून, निर्णय दुसऱ्यावर सोपवून उभं राहावं, तशी ती शांतता होती.

“कागद नीट ठेव हं, पुट्टी,” काकू म्हणाल्या. “फार कष्टाने लिहिलेत.”

आणि त्या वळल्या. ऑटोपाशी, कुणाला आधी चढू द्यावं तसा एक हात आत धरून जरा थांबल्या, मग स्वतः चढल्या आणि पार अलीकडच्या कडेला बसल्या, बाहेर पडतील की काय अशा.

ऑटोवाल्याने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मला म्हणाला, “बन्नी, या मेडम. जागा आहे की.”

“नको,” मी म्हटलं आणि एक पाऊल मागे सरकले.

ऑटो वळला. काकूंचं डोकं आतल्या बाजूला झुकलेलं दिसलं, आणि ओठ हलताना.

मी आत गेले आणि चिठ्ठ्या चिकटवायला बसले.