थंडोबाची टोपी

आमच्या साबणाच्या कारखान्यात सगळ्यांत थंड डोक्याचा माणूस कोण, असं कुणालाही विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं. त्या फिटरला आम्ही थंडोबाच म्हणायचो. मशीन बंद पडलेलं असो, साहेब डोक्यावर उभे राहून घड्याळ दाखवत असोत, हा आपला पान्हा पुसत पुसत येणार, टोपी मागे सरकवणार आणि म्हणणार, "बघू या." त्याच्या या "बघू या"वर मी अठरा वर्षं वैतागलो. मी पॅनलवरचा माणूस. माझं काम बटण दाबायचं, आणि बटण दाबणाऱ्याला दम धरवत नाही.

आमचे दोन मिक्सर वरच्या मजल्यावर होते, एकेक खोलीएवढा. आत माणसाच्या उंचीची लोखंडी पाती फिरतात आणि साबणाचा लगदा मळतात. पात्यांचे बोल्ट सैल झाले किंवा लगदा चिकटून बसला, की फिटरला झाकण उघडून आत उतरावं लागतं. पॅनल मात्र खालच्या मजल्यावर. म्हणजे वर आत कोण उतरलंय हे मला दिसत नाही, आणि मी बटणाला हात लावतोय हे त्याला दिसत नाही.

म्हणून कुलपाचा नियम. प्रत्येक फिटरला त्याच्या नंबराचं एक लाल कुलूप, आणि किल्ली एकच. वर जाण्याआधी पॅनलशेजारचा त्या मिक्सरच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायची आणि मगच जिना चढायचा. दांड्याला कुलूप असलं की बटण दाबायचं नाही, खुद्द मालक येऊन उभा राहिला तरी. कुलूप नसलं, की आत कुणी नाही. जो कुलूप न घालता उतरेल त्याची नोकरी त्याच दिवशी संपली. नियम इतका सरळ होता की त्यावर विचार करायची कुणाला सवयच राहिली नव्हती.

त्या वर्षी सहा फिटरांचे तीन झाले. काम तेवढंच राहिलं. थंडोबा सकाळी सहाला यायचा तो संध्याकाळी पाचला सुटायचा, आणि मधे जेवणाचा डबा उघडला तर उघडला. त्याची बायको दूरच्या शाळेत शिक्षिका, फक्त रविवारी घरी. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. आईला विसरायला होऊ लागलं होतं. आधी डाळीत मीठ पडलं की नाही ते विसरली, मग शेजारणीचं नाव, मग आपला मुलगा मोठा झालाय हेच विसरली. दुपार झाली की पिशवी घेऊन निघायची, मुलाला शाळेतून आणायला. एकदा बसथांब्यावर सापडली. दुसऱ्यांदा भर रस्त्यात, गाड्यांच्या मधे उभी होती आणि ड्रायव्हरांना शाळेचा रस्ता विचारत होती.

हे सगळं त्याने मला सांगितलं ते पान्हा पुसत पुसत, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. मला राग आला. अरे, माणसाने कधी तरी आरडाओरडा करावा, रजेचा अर्ज साहेबांच्या तोंडावर मारावा. तो म्हणाला की अर्ज दिला होता, साहेबांनी तिसरा फिटर बरा होऊन आला की बघू म्हणून सांगितलं. तिसरा फिटर पाठीच्या दुखण्याने घरी होता. म्हणजे तिघांचे दोनच होते.

मग एका सकाळी तो दोन नंबरच्या मिक्सरसाठी खाली आला, दांडा ओढला, आणि कुलूप घालायच्या जागी डोक्यावरची टोपी काढून दांड्याला अडकवली.

मी विचारलं, "लेका, कुलूप कुठाय?"

"आईच्या दाराला आहे."

झालं होतं असं, की घराच्या कुलपाची किल्ली आईने कुठे तरी लपवली, बहुधा मोरीत टाकली. सकाळी पावणेसहाला याने सगळं घर उलथंपालथं केलं. कामाला उशीर होत होता, आणि दार नुसतं लोटून आला असता तर दुपारी आई रस्त्यावर. पिशवीत आदल्या दिवशी चुकून राहिलेलं लाल कुलूप होतं. ते कडीला घातलं आणि निघाला. संध्याकाळी नवं कुलूप आणतो म्हणाला. आजच्यापुरती टोपी. टोपी दिसली की मी आत आहे असं समज.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्याला साहेबांकडे जावं लागलं असतं, आणि कुलूप घरी का नेलं म्हणून तिथेच त्याचा निकाल लागला असता. मी म्हटलं, बरं, आजच्यापुरतं.

दुसऱ्या दिवशीही टोपीच होती. तिसऱ्याही दिवशी. संध्याकाळी तो सुटायचा तेव्हा डोक्यात फक्त एकच असायचं, आई घरात आहे ना. धावत घरी जायचा, दार उघडायचा, तिला अंघोळ घालायचा, भरवायचा आणि स्वतः उंबऱ्याशी आडवा व्हायचा, म्हणजे ती उठली तर याच्या अंगावरूनच जाईल. एक साधं कुलूप! कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेलं असतं. मी रोज त्याला आठवण करायचो, रोज चिडायचो, आणि तो रोज कपाळावर हात मारून म्हणायचा की आज नक्की. माझी खात्री आहे, तो खरंच विसरत होता. त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट ठेवायलाही जागा उरली नव्हती. आम्हीच त्याला थंड म्हणत होतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, जिन्याशेजारी. दाराच्या कडीला आमचं ते लाल कुलूप लटकत होतं, वर पांढऱ्या रंगात नंबर. त्याने दार उघडलं तेव्हा आई खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला विचारलं, शाळा सुटली का? मी म्हटलं, नाही मावशी, अजून अवकाश आहे. थंडोबा तिच्या चपला काढून ठेवत म्हणाला, "आई, उद्या येताना कुलूप आणतो बरं का." तिने समजूतदारपणे मान हलवली. परत येताना मी ठरवलं की आता हे थांबवायचं. आणि मग मीही मूग गिळून बसलो.

याच सुमारास कारखान्यात ताण कमी करण्याचा वर्ग सुरू झाला. वरून हुकूम आला होता. दहा-दहा जणांना कँटीनमध्ये बोलवायचे, आधी वीस प्रश्नांचा कागद भरून घ्यायचे, मग एक बाई शांत बसायला शिकवायच्या. बाई चांगल्या होत्या, त्यांना मी दोष देणार नाही. पण त्या कागदावर खरं कोण लिहिणार? झोप लागते का, हो. घरची काळजी कामावर येते का, नाही. गेल्या वर्षी असाच एक कागद खरा भरणाऱ्या दोघांना यंत्रांवरून काढून गोदामात टाकलं होतं, हे सगळ्यांना पाठ होतं. थंडोबाने पहिल्याच तुकडीत वीसच्या वीस उत्तरं उत्तम दिली. बाईंनी त्याला उभं करून बाकीच्यांना सांगितलं, असं राहता आलं पाहिजे. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि हसला, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

अकराव्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेदहाला साहेब पॅनलवर आले. माझी तुकडी गुरुवारी होती, ती आजच घेणार होते. माझ्या जागी पॅकिंगमधल्या बदली माणसाला बसवलं. तो जुना, सरळ, नियमाने वागणारा गडी. मी त्याला सगळं सांगितलं. एक नंबर कधी थांबवायचा, दोन नंबरला दुपारी पाती बदलायची आहेत, दांड्याला कुलूप असलं तर हात लावायचा नाही. तो म्हणाला, हे मला शिकवू नका. दारापर्यंत जाऊन मी थांबलो. टोपीचं सांगावं का? दांडा तेव्हा वर होता, मिक्सर चालू होता, थंडोबा कुठे तरी लांब पंपावर होता. त्याचं काम दुपारी, आणि मी तासाभरात परत. टोपीचं सांगितलं तर हा सरळ माणूस ते साहेबांना सांगणार. मी म्हटलं, येतो लवकर, आणि निघालो.

कँटीनमध्ये मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. समोर अंगण आणि पलीकडे मिक्सरच्या मजल्याकडे जाणारा लोखंडी जिना. बाई म्हणाल्या, पाय जमिनीला टेकवा, हात मांडीवर, सावकाश श्वास घ्या. मी घेतला. डोळे मिटण्याच्या बेतात होतो तेव्हा थंडोबा जिना चढताना दिसला. खांद्याला हत्यारांची पिशवी. दोन नंबर वेळेआधीच अडकला असणार. तो अर्ध्या जिन्यावर थांबला, घाम पुसायला डोक्याकडे हात नेला, आणि मला दिसलं की त्याच्या डोक्यावर टोपी नाही.

मी उठायला हवं होतं. खुर्ची मागे ढकलली असती, दहा जणांनी माना वळवल्या असत्या, साहेब दाराशी बसले होते त्यांनी विचारलं असतं काय झालं, आणि मला काही तरी सांगावं लागलं असतं. मी सबब शोधू लागलो. पोट दुखतंय म्हणावं का? बाई म्हणाल्या, "मनात जो विचार येतोय, त्याला धरून ठेवू नका. येऊ द्या, जाऊ द्या." बदली माणूस नियमाचा आहे, तो साहेबांना विचारल्याशिवाय चालू करणार नाही. साहेब तर इथेच बसलेत. माझा जीव जरा खाली पडला. मी डोळे मिटले.

साहेबांचा फोन वाजला. ते हळू आवाजात म्हणाले, "कुलूप नाही ना दांड्याला? मग वाट कसली बघताय?"

मी डोळे उघडले आणि धावलो. अंगण अर्धं ओलांडलं असेल, तोवर पायाखाली तो ओळखीचा थरथराट सुरू झाला होता.

बाकीचं मी सांगणार नाही. पॅनलवर पोहोचून मीच दांडा ओढला. बदली माणसाला काहीच माहीत नव्हतं; थंडोबा येऊन दांडा ओढून गेला तेव्हा तो पाणी प्यायला उठला होता, आणि थंडोबाला वाटलं असणार, पॅनलवर मीच आहे. टेबलावर कागदांच्या शेजारी थंडोबाची टोपी होती, घडी न मोडता ठेवलेली. बदली माणूस नंतर चौकशीत आणि चौकशीबाहेर, भेटेल त्याला एकच सांगत राहिला, "कुणी तरी विसरून गेलं असेल, खाली पडून मळेल, म्हणून मी ती नीट ठेवली." त्याची काहीही चूक नव्हती. त्याला हे मी कधीच धड सांगू शकलो नाही.

दुपारी, थंडोबाला नेल्यानंतर, सगळे त्याच्या बायकोला कसं कळवायचं यात अडकले होते. मला एकदम आठवलं की त्याची आई कुलपात आहे. किल्ली एकच. ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती, नियमाप्रमाणे. दवाखान्यात एका माणसाने ती मला कागदात गुंडाळून दिली.

लाल कुलूप एका झटक्यात उघडलं. आत ती खुर्चीवर बसली होती, पायात चपला, मांडीवर पिशवी. शाळेची वेळ होऊन गेली होती. मला वाटलं, ती आता शाळा सुटली का म्हणून विचारेल, आणि मी काय सांगू याची जुळवाजुळव करत होतो. पण तिने माझ्या हातातल्या कुलपाकडे नीट बघितलं.

"हे त्याचं आहे, ठेव तिथे," ती म्हणाली. "माझा मुलगा नवं आणायला गेलाय. येईलच एवढ्यात."

सगळं विसरणारी ती बाई एवढं एक विसरली नव्हती. मी तिच्या समोर जमिनीवर बसलो आणि बराच वेळ तिच्याबरोबर वाट बघितली.

ते कुलपांचं दुकान माझ्याच घराच्या वाटेवर आहे. त्याआधीच्या दहाही दिवशी संध्याकाळी मी त्याच्यासमोरून गेलो होतो.