कोण येस?

रविवारी संध्याकाळी भावाचा फोन यायचा असतो, म्हणून दुपारपासूनच माझे पाय एका जागी ठरत नाहीत. मी स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून गच्चीवर अशी नुसती हिंडत असते. भाऊ कॅनडात आहे. फोन आला की मी तो मायच्या कानाला लावते. माय ऐकल्यासारखं करते, "बरं शे, बरं शे" म्हणते आणि फोन माझ्या हातात कोंबते. तिला एक शब्द कळलेला नसतो. मग भाऊ मला म्हणतो, "तिले ऐकूच येत नही. मी येईसन काय करू?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. आबा, आमचे वडील, गेले तेव्हा तो आला होता, त्यानंतर नाही.

मी तडतडी आहे हे तळोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी शिकवते त्या शाळेतली पोरं माझी चाहूल लागली की बाकावर सरळ बसतात. पण ही तडतड मायपुढे फुकट जाते, कारण ती ऐकतच नाही. नंदुरबारहून कानाचं यंत्र आणलं, तर एका दिवसात तिनं ते काढून मसाल्याच्या डब्यात ठेवलं. म्हणे, "कानमा गिरणी चाली ऱ्हायनी." यंत्र बसवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, ओळखीचे आवाज ऐकवा, हळूहळू सवय होईल. मी आरती लावली, टीव्हीवरची मालिका लावली, शेजारणीला बोलावून आणलं. मायनं यंत्र काढलं. मी हात टेकले.

मग आठवली भावाची कॅसेट. आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्या बाईला इंग्रजी गिटारवाल्यांची कॅसेट? हो, तीच. आमच्या घरात त्याहून ओळखीचा आवाज दुसरा नव्हता.

कॉलेजात असताना भावाला एका जुन्या इंग्रजी बँडचं खूळ लागलं. त्यातही त्याला फक्त स्टेजवर वाजवलेलं हवं असे, लोकांच्या आरडाओरड्यासकट. स्टुडिओत केलेलं गाणं म्हणजे लग्नासाठी काढलेला फोटो, मान ताठ आणि तोंडाला पावडर, असं तो म्हणायचा. स्टेजवर मात्र तेच गाणं एका गावात धावायचं, दुसऱ्या गावात रेंगाळायचं. मला आधी त्या गाण्यांचा राग यायचा. पण भांडी घासता घासता कधी ती माझ्या अंगात शिरली कळलंच नाही. गिटारवाला एकच सूर धरून ठेवायचा, ताणायचा, सोडतच नसे. माझा श्वास अडकायचा. अरे सोड ना बाबा, असं मी मोठ्यानं म्हणायचे. तो सोडायचा तेव्हा मागचे लोक वेडे व्हायचे आणि मीही.

चिंचपाड्याच्या एका मित्राकडून भावाला एका मैफलीची कॅसेट एकाच दिवसासाठी मिळाली. कॉपी करायला दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले, एक गाणारा, एक ऐकणारा. घरात सगळ्यांना दम भरला, कोणी शिंकायचंसुद्धा नाही. पण आमचं घर जीप स्टँडला लागून. गिटार अगदी हळू झाली तेवढ्यात बाहेरून जीपवाला ओरडला, "अक्कलकुवा! अक्कलकुवा!" ते कॅसेटमध्ये गेलं. भाऊ कपाळावर हात मारून बसला.

आणि त्याच्यापुढेच खरी गंमत. गाणारा लोकांना काहीतरी विचारतो आणि हजारो लोक एका आवाजात ओरडतात, "येस! येस!" इंग्रजीत त्याचा अर्थ काय तो साऱ्या जगाला ठाऊक. पण आमच्या अहिराणीत येस म्हणजे येतो. माय चुलीपाशी होती. एवढे लोक येस येस म्हणतायत, म्हणजे कोणीतरी येतंय, आणि आलं की चहा मागणार. तिनं आतून विचारलं, "कोण येस रे? चा जास्ती ठेवू का?"

तेही कॅसेटमध्ये गेलं. लख्ख. भाऊ चिडला, पाय आपटले, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ऐकताना मात्र हसून हसून लोळला. पुढे आमच्याकडे कोणीही येणार असलं की सगळे एकमेकांना विचारायचे, चा जास्ती ठेवू का? आबासुद्धा.

तीच मैफल आता मोबाईलवर मिळते. ऐकली मी. काय स्वच्छ आवाज! प्रत्येक तार वेगळी. पण हळू गिटारीच्या जागी मी कान टवकारून बसले आणि तिथं कोणी अक्कलकुवा म्हणालंच नाही. पुढं लोक येस येस ओरडले आणि कोणी काही विचारलं नाही. फसवलं गेल्यासारखं वाटलं. मोबाईल गादीवर फेकला आणि माळ्यावर चढले.

कॅसेट सापडली. फीत बाहेर आली होती, ती पेन्सिलीनं गुंडाळली. टेपरेकॉर्डरचं रबर वितळलं होतं, ते बाजारातून बदलून आणलं. परवाच्या रविवारी दुपारी माय ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. मी तिच्या कानात यंत्र घातलं. तिनं हात झटकला. मी पुन्हा घातलं आणि म्हटलं, "काढशी तर देख." ती पुटपुटली, पण राहू दिलं.

मी बटण दाबलं. गिटार सुरू झाली. माय देठ खुडत राहिली, चेहऱ्यावर काही नाही. मी उठत होते, बसत होते. आवाज वाढवला. जीपवाला येऊन ओरडून गेला, तरी काही नाही. माझा जीव टांगणीला लागलेला. हे नाही ऐकलं तर मग दुसरं काय ऐकवायचं हिला? मग लोक ओरडले, "येस! येस!" आणि त्यांच्या मधून तिचाच आवाज आला, कोवळा, घाईतला. "कोण येस रे? चा जास्ती ठेवू का?"

मायचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. एखाद्या सुनेला सांगावं तसं शांतपणे म्हणाली,

"नको ठेवू व माय. कोणी येत नही."

तिला ऐकू आलं होतं! सगळं, शब्दन् शब्द. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण मी टेप बंद करायचंही विसरले. माय पुन्हा देठ खुडायला लागली होती. कॅसेटमधले लोक अजून ओरडतच होते.

मी मोबाईल उचलला. तिकडे उजाडलंही नसेल. नसू दे. भावानं घाबरून फोन घेतला, "काय व, काय झायं?" मी स्पीकर चालू केला आणि फोन मायच्या पुढ्यात मिरच्यांच्या सुपात ठेवला.

"तिले ऐकू येस," मी म्हटलं. "आते सांग. तू येस का?"

मायनं मान वाकवून सुपाकडे कान केला. उत्तर या वेळी तीही ऐकणार होती.

"येस," तो म्हणाला.

"कोणतं येस?" मी ओरडले. "इंग्रजी का आपलं?"